पाण्याचं काम शिकताना : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

मागच्या अंकात आम्ही कमी पावसाच्या आणि कोरडवाहू भागातल्या पाणी व्यवस्थापनाच्या प्रशिक्षणाबद्दल प्रश्न मागवले होते. इंदूर, महू, हातोद आणि देवास भागातून पत्रं आली. एकसारखे प्रश्न एकत्र करून इथे उत्तरं दिली आहेत.

माझी मुलगी सिव्हिलची पदवी घेऊन बाहेर पडली आहे. तिला दुष्काळी भागात पाण्याचं काम करायचं आहे. एम.टेक. करावं की एखादा छोटा अभ्यासक्रम? आणि चांगला अभ्यासक्रम ओळखायचा कसा?
— एक पालक, लोकमान्य नगर, इंदूर

आधी काम कोणतं करायचं ते ठरू द्या. धरणं, कालवे, शहरांच्या पाणीयोजना, सल्लागार कंपन्या किंवा सरकारी जलसंपदा खातं ही वाट असेल तर एम.टेक.ला पर्याय नाही. रुरकीच्या आयआयटीतला जलसंपदा विकास आणि व्यवस्थापन विभाग १९५५ मध्ये आशिया-आफ्रिकेतल्या इंजिनिअरांना शिकवण्यासाठी सुरू झाला आणि याच विषयाला वाहिलेला आहे. प्रवेशासाठी गेटची परीक्षा द्यावी लागते. राष्ट्रीय जलविज्ञान संस्थाही रुरकीतच असल्यामुळे तिथे शिकणाऱ्याला प्रयोगशाळा आणि माणसं दोन्ही जवळ मिळतात.

गावाच्या पातळीवर पाणलोट (पावसाचं पाणी एकाच ओढ्याकडे वाहून येतं तो भाग), विहिरी, पिकं आणि लोक यांच्यात काम करायचं असेल, तर पदवीनंतर छोटे अभ्यासक्रम आणि त्यानंतर एक वर्ष एकाच भागात राहून काम हा मार्ग जास्त उपयोगी पडतो, असं आमचं स्पष्ट मत आहे. इंदूरहून सर्वांत जवळ देवास जिल्ह्यात बागली तालुक्यात समाज प्रगती सहयोग ही संस्था आहे. पाणलोटाचं प्रशिक्षण ती प्रत्यक्ष शिवारात नेऊन देते. भूजलासाठी पुण्याची ॲक्वाडॅम, पाणलोटासाठी पुण्याचीच वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट, सिंचन व्यवस्थापनासाठी भोपाळ आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या वाल्मी (जल आणि भूमी व्यवस्थापन संस्था), अगदी शुष्क प्रदेशाच्या शेतीसाठी जोधपूरची काझरी (केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था) आणि भूजलाच्या सरकारी अभ्यासक्रमांसाठी रायपूरची राजीव गांधी राष्ट्रीय भूजल प्रशिक्षण आणि संशोधन संस्था, ही नावं टिपून ठेवा. तारखा, पात्रता आणि शुल्क दर वर्षी बदलतं, म्हणून ते थेट संस्थेलाच विचारावं.

ओळखायचं कसं? फोनवर तीन प्रश्न विचारा. एकूण दिवसांपैकी शिवारात किती दिवस? उपकरणं प्रत्येकाच्या हातात येतात की प्रशिक्षक लांबून दाखवतात? शेवटी विद्यार्थ्याला काय सादर करावं लागतं? ‘चार जणांच्या गटाने एका छोट्या पाणलोटाचा नकाशा, विहिरींची यादी, पाण्याचा ताळेबंद (जमा-खर्च) आणि कामांचं अंदाजपत्रक’ असं उत्तर आलं, तर डोळे मिटून पैसे भरा. निम्म्याहून जास्त वेळ सभागृहात जाणार असेल, तर तो अभ्यासक्रम नवशिक्यासाठी नाही. नोकरीतल्या अधिकाऱ्यांना त्याचा उपयोग होत असेल, पण तुमच्या मुलीला होणार नाही.

आणखी एक गोष्ट माहितीपत्रकात कधीच लिहिलेली नसते. नोव्हेंबरात शिकायला गेलं तर विहिरी भरलेल्या दिसतात आणि मे महिन्यात गेलं तर कोरड्या. एकच मोसम पाहून परतलेला माणूस पुढे अंदाज चुकवतो. म्हणून अभ्यासक्रम संपल्यावर एखादं गाव धरून वर्षभर, निदान जानेवारी, मे, ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशा चार वेळा, विहिरींची पातळी मोजायला तिला सांगा. केंद्रीय भूजल मंडळाच्या निरीक्षण विहिरींची मोजणीही साधारण याच चार टप्प्यांत होते, त्यामुळे तिचे आकडे त्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतील. मुलाखतीत अशी एक वही दाखवणाऱ्या उमेदवाराकडे संस्था प्रमाणपत्रापेक्षा जास्त लक्ष देतात.

प्रशिक्षणात पाण्याचा ताळेबंद शिकवला, पण गावात मांडायला बसलं की गोंधळ होतो. एक उदाहरण सोडवून दाखवाल का?
— संस्था कार्यकर्ती, बागली

नक्की. १०० हेक्टरचं छोटं पाणलोट घेऊ आणि पाऊस ९०० मिमी धरू. माळव्यात सरासरी पाऊस याच्या आसपास पडतो. एक गणित पाठ करून टाका : एका हेक्टरवर १ मिमी पाऊस म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर. म्हणजे आपल्या पाणलोटावर ९ लाख घनमीटर पाणी पडलं. गावकऱ्यांना हा आकडा सांगितला की ‘मग टंचाई कशी?’ असं ते विचारतात. खरा ताळेबंद इथून पुढे सुरू होतो.

या पाण्यातलं किती जमिनीत मुरतं ते खडकावर ठरतं. भूजलाच्या अंदाजासाठी १९९७ च्या सरकारी समितीने ठरवलेल्या निकषांत झिजलेल्या बेसॉल्टसाठी पावसाच्या ६ ते ८ टक्के धरतात, सच्छिद्र आणि सांधे असलेल्या बेसॉल्टसाठी १२ ते १४ टक्के आणि भेगा नसलेल्या अखंड कातळासाठी जेमतेम १ ते ३ टक्के. म्हणून विहीर खोदणाऱ्याला विचारा : खाली मुरूम किती हात लागला, मांजऱ्या (छिद्रांचा मऊ खडक) किती आणि काळा कातळ कुठे सुरू झाला? तुमच्या ताळेबंदातला सर्वांत महत्त्वाचा आकडा त्याच्या उत्तरावर ठरतो. आपण ७ टक्के धरू. ९ लाखांचे ७ टक्के म्हणजे ६३,००० घनमीटर.

हा आकडा विहिरीवर तपासता येतो. ६३,००० घनमीटर १०० हेक्टरांवर पसरलं तर ६३ मिमी थर होतो. झिजलेल्या बेसॉल्टमध्ये पाणी सोडू शकणारी पोकळी सुमारे २ टक्के असते. ६३ मिमीला ०.०२ ने भागलं की ३.१५ मीटर येतात. म्हणजे मे ते नोव्हेंबर या काळात विहिरींची पातळी सरासरी तीन मीटरच्या आसपास वर यायला हवी. तुमच्या नोंदीत ती दीड मीटरच चढली असेल तर टक्का जास्त धरला गेलाय, किंवा पावसाळ्यातच उपसा झालाय. सात मीटर चढली असेल तर तुम्ही बहुधा नाल्याकाठच्या विहिरीच मोजल्या आहेत.

आता खर्चाची बाजू. नाल्यांतून आपोआप वाहून जाणाऱ्या भूजलासाठी १० टक्के सोडले की ५६,७०० उरतात. ५०० माणसांना दर माणशी रोज ५५ लिटर या हिशेबाने वर्षाला सुमारे १०,००० घनमीटर लागतात. २०० मोठ्या जनावरांना रोज ५० लिटरप्रमाणे ३,६५०. उरले सुमारे ४३,०००. गव्हाला चार-पाच पाळ्या आणि चरांतून होणारी गळती धरून हेक्टरी ४,००० घनमीटर लागलं, तर या पाण्यावर ११ हेक्टरसुद्धा गहू होत नाही. हरभऱ्याला एक-दोन पाळ्या, म्हणजे हेक्टरी १,२०० घनमीटर धरलं, तर तेच पाणी ३५ हेक्टरांना पुरतं.

हा शेवटचा आकडा ग्रामसभेत फळ्यावर लिहा आणि थांबा. बोलणं लोकांना करू द्या. पेरणीच्या आधी, ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ही बैठक झाली तरच तिला अर्थ आहे. गहू पेरल्यानंतर मांडलेला ताळेबंद कुणाच्याही उपयोगाचा नसतो.

बंधारे आणि तलावांतलं पाणी यात अजून धरलेलं नाही. ते वेगळ्या रकान्यात मांडा, आणि जे पाणी तलावातून मुरून विहिरीत येतं ते दोन्हीकडे मोजू नका. प्रशिक्षण घेऊन आलेल्यांच्या ताळेबंदात ही दुहेरी मोजणी वारंवार दिसते, आणि तिच्यामुळे टंचाईचं गाव कागदावर सुजलाम होतं.

आमच्याकडे गेल्या वर्षी टेकडीवर खोदलेले समतल चर पहिल्याच मोठ्या पावसात फुटले. मजुरांना रीतसर प्रशिक्षण दिलं होतं. काय चुकलं असेल?
— ग्रामपंचायत सदस्य, मानपूर (महू)

समतल चर म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खोदलेले चर. ते फुटतात ते बहुतेक वेळा समतल नसतात म्हणून. ३० मीटर लांबीच्या चरात एक टोक दुसऱ्यापेक्षा १० सेंटिमीटरनेच खाली असलं, तरी सगळं जादा पाणी त्या एका टोकावरून बाहेर पडतं आणि तिथला भराव कापून नेतं. वरच्या चरातून सुटलेला लोंढा खालच्या चरावर येतो आणि मग पूर्ण ओळ जाते.

आखणी ए-फ्रेमने केली असेल तर ती तपासा. सारख्या लांबीच्या, साधारण दोन मीटरच्या दोन काठ्या, मध्ये आडवी पट्टी आणि शेंड्यापासून लोंबणारा ओळंबा. चौकट दोन खुंट्यांवर उभी करून दोरी आडव्या पट्टीवर जिथे येते तिथे खूण करायची. मग पाय उलटे करून त्याच खुंट्यांवर ठेवून दुसरी खूण करायची. दोन खुणांच्या बरोबर मधली रेघ म्हणजे समतल. ही मधली खूण न काढता आडव्या पट्टीचा मध्य मोजून रेघ मारली आणि एका पायात एक सेंटिमीटरचा फरक असला, तर दर पावलाला एक सेंटिमीटर चूक साठत जाते. दोन पायांतलं अंतर दोन मीटर धरलं, तर ३० मीटरमध्ये पंधरा पावलं, म्हणजे १५ सेंटिमीटर.

चालवण्याची पद्धतही महत्त्वाची आहे. चौकट उचलून तशीच पुढे ठेवली की चूक साठते. पुढचा पाय जागेवर ठेवून मागचा पाय गोल फिरवत पुढे आणला, तर दर पावलाला पाय बदलतात आणि एका पावलाची चूक पुढच्या पावलात फिटते. शिकवताना हे मजुरांच्या हातून करून घ्यायला हवं. सांगून ते लक्षात राहत नाही. वाऱ्यात ओळंबा डोलतो, तेव्हा जड दगड बांधावा किंवा सकाळी लवकर आखणी उरकावी. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने आखणी केली असेल, तर नळीतले हवेचे बुडबुडे पूर्ण काढले होते का आणि वाचताना दोन्ही तोंडं उघडी होती का, ते विचारा. एखादा मोठा बुडबुडाही वाचन बिघडवतो.

दुसरी शक्यता अंतराची. चर ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असेल तर एका मीटर लांबीत ०.१८ घनमीटर पाणी मावतं. ५० मिमी पावसातलं ४० टक्के पाणी वाहून आलं असं धरलं, तर २० मिमी, म्हणजे ०.०२ मीटर अपधाव झाला. ०.१८ भागिले ०.०२ म्हणजे ९ मीटर. दोन ओळींमध्ये आडवं अंतर नऊ मीटरपेक्षा जास्त असेल, तर चर पहिल्या जोरदार सरीतच भरतात. नऊ मीटरने हेक्टरी सुमारे १,१०० मीटर चर लागतात. अंदाजपत्रकात ७०० मीटर धरून काम पार पाडलेलं असेल, तर मजुरांकडे बोट दाखवू नका.

आता भराव पाहा. माती चराच्या खालच्या बाजूलाच टाकायची, चर आणि भराव यांच्यात ३० सेंटिमीटरची मोकळी पट्टी ठेवायची आणि दर १० ते १५ मीटरला अर्धा मीटर जमीन न खोदता सोडायची, म्हणजे पाणी एका टोकाकडे धावत नाही. खालच्या पट्ट्यात काळी चिकट माती असेल, तर तिथे हे चर घेऊच नका. उन्हाळ्यात ती माती भेगाळते, पहिल्या पावसात भेगांतून पाणी शिरून बांध खचतो आणि पुढे पाणी साचून पीक सडतं. तिथे हलका उतार दिलेले बांध आणि दगडी सांडवे घ्यावेत.

दुरुस्तीची सुरुवात माथ्यावरून करा. खालचा फुटलेला चर आधी बुजवला, तर पुढच्या पावसात तो पुन्हा फुटेल.

मी निवृत्त उपयंत्री आहे. आसपासच्या गावांतल्या तरुणांना पाऊस आणि विहिरी मोजायला शिकवायची इच्छा आहे. वय ६४. कोणता अभ्यासक्रम करावा?
— राजेंद्रनगर, इंदूर

अभ्यासक्रमासाठी थांबू नका. नोकरीत असताना लेव्हल आणि मोजपुस्तिका हाताळलेल्या माणसाला आठवडाभराचं भूजलाचं प्रशिक्षण पुरतं. गुजरात आणि राजस्थानात अशा प्रशिक्षित गावकऱ्यांना ‘भूजल जानकार’ म्हणतात. तिथे हे काम शाळेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींनीही चोख केलं आहे.

पर्जन्यमापकाबाबत एक चूक हटकून होते. भारतीय हवामान विभागाच्या पद्धतीचे मापक २०० चौरस सेंटिमीटर आणि १०० चौरस सेंटिमीटर अशा दोन तोंडांचे मिळतात. पहिल्यात १ मिमी पाऊस म्हणजे २० मिलिलिटर, दुसऱ्यात १० मिलिलिटर. मोजपात्र फुटलं आणि दुसऱ्या मापकाचं आणून वापरलं, की पाऊस दुप्पट किंवा निम्मा नोंदला जातो आणि पुढचे सगळे ताळेबंद बिघडतात. म्हणून मोजपात्रावर मापकाचं तोंड किती हे रंगाने लिहून ठेवा. मापकाची कड जमिनीपासून ३० सेंटिमीटर वर असावी आणि झाड किंवा भिंत स्वतःच्या उंचीच्या दुप्पट तरी लांब. वाचन रोज सकाळी साडेआठला, पाऊस नसला तरी. त्या दिवशी शून्य लिहायचं. रिकामी जागा म्हणजे वाचन झालं नाही असा अर्थ ठरवून द्या.

विहिरीसाठी काठावर लाल रंगाची एकच खूण करा आणि वाचन कायम तिथूनच घ्या. खूण जमिनीपासून ०.९ मीटर वर असेल आणि टेप ७.४ मीटर दाखवत असेल, तर जमिनीखालची पातळी ६.५ मीटर. पंप बंद होऊन निदान आठ तास झालेले असावेत, म्हणून पहाट उत्तम. शेजारच्या विहिरीवर पंप चालू असेल तर नोंदीपुढे तसं लिहा. फूट आणि मीटर एका वहीत कधीही मिसळू देऊ नका.

मुलांना रस वाटेल असा एक प्रयोग : सहा मीटर व्यासाच्या विहिरीचा उपसा थांबवल्यावर पहिल्या तासात पाणी ४० सेंटिमीटर चढलं, तर तळाचं क्षेत्रफळ सुमारे २८.३ चौरस मीटर गुणिले ०.४, म्हणजे तासाला ११ घनमीटरच्या थोडी वर आवक. पाणी चढत जातं तशी आवक मंदावते. म्हणून पहिला अर्धा तास दर पाच मिनिटांनी वाचन घ्यावं आणि दिवसाचा हिशेब पहिल्या तासाला २४ ने गुणून काढू नये.

विज्ञान शाखा नसलेल्यांना हे शिकता येईल का?
— विद्यार्थिनी, देवास

हो. त्रैराशिक, टक्केवारी आणि क्षेत्रफळ येत असेल तर गावपातळीचं जवळपास सगळं काम जमतं. एम.टेक. आणि भूशास्त्राच्या वाटा मात्र विज्ञान किंवा अभियांत्रिकीच्या पदवीशिवाय उघडत नाहीत.

राजस्थानात जाऊन शुष्क शेतीचं प्रशिक्षण घेतलेले एक जण आम्हाला प्लास्टिक अंथरलेलं शेततळं करायला सांगताहेत. माळव्यात ते योग्य आहे का?
— शेतकरी, हातोद

राजस्थानात जे शिकवतात ते तिथल्या जमिनीसाठी बरोबर आहे. जैसलमेरकडे वर्षाला २०० मिमीहून कमी पाऊस आणि वाळू. तिथे पाणी साठवायचं तर तळ बंद करावाच लागतो. तुमच्याकडे पाऊस चौपट आणि काळी माती. खोल काळ्या मातीचा तळ ओला झाला की फुगतो आणि बराचसा आपोआप बंद होतो. देवास जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा दहावा-विसावा हिस्सा देऊन ‘रेवासागर’ तळी खोदली. तीही पावसाचं वाहतं पाणी धरण्यासाठीच होती. त्याआधी १९९० च्या सुमारास याच देवास शहराला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं.

तळं कुठे आणि कशाने भरणार, यावर निर्णय ठरवा. ३० बाय ३० मीटर तोंडाच्या, तीन मीटर खोल, एकास एक उताराच्या तळ्यात २,१९६ घनमीटर पाणी मावतं. वर्षाच्या पावसातलं २० टक्के वाहून येतं असं धरलं, तर ते भरायला सव्वा हेक्टरच्या आसपास पाणलोट लागतं. तेवढा उतार वर असेल तर तळं घ्या. मुरमाड जागा असेल आणि पाणी मार्चपर्यंत टिकवायचं असेल, तर ५०० मायक्रॉन जाडीचं प्लास्टिकचं कापड टाकायला हरकत नाही. मात्र काठाभोवती खंदकात ते नीट पुरा, आणि आतले अणकुचीदार दगड वेचून मातीचा मऊ थर दिल्याशिवाय अंथरू नका, नाहीतर पहिल्याच भरण्यात ते फाटतं.

बोअरवेलच्या पाण्याने तळं भरायचा सल्ला कुणी दिला तर तो साफ नाकारा. नोव्हेंबर ते मे या काळात उघड्या पाण्यातून सुमारे एक मीटर थर उडून जातो. या तळ्यातला वरचा एक मीटर म्हणजे ८४१ घनमीटर, साठ्याच्या एक तृतीयांशाहून जास्त. जमिनीखाली सुरक्षित असलेलं, शेजाऱ्याचंही हक्काचं पाणी विजेवर वर काढून ते उन्हात उडवायचं, हा शुद्ध अपव्यय आहे.

त्याच सल्लागाराने नाला जेसीबीने खोल करायला सांगितलं असेल, तर आधी काठावरच्या विहिरीत उतरून मुरूम कुठे संपतो ते पाहा. नाल्याचा तळ त्या पातळीच्या वरच राहायला हवा. मुरमाचा पूर्ण थर कापून कातळापर्यंत गेलात, तर दोन्ही काठांच्या विहिरींचं पाणी दिवाळीनंतर नाल्यात झिरपून वाहून जातं. गाळ काढायचा असेल तर तो मूळ तळापर्यंतच काढा, आणि तो मूळ तळ कुठे होता हे खोदण्याआधी दोन ठिकाणी खड्डा घेऊन मोजा.